त्रेसष्ट थेंब

कळंब
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

संजीवनी मॅडम,

वर 'आदरणीय' लिहून खोडलंय. कागद बदलणार होते, मग म्हटलं खोडलेलं दिसू दे.

निकितासोबत तुम्ही पाठवलेला मसुदा मिळाला. 'मी, रुक्सार सरदार तांबोळी, जीएनएम नर्सिंग तृतीय वर्ष, रोल नंबर ३१. दिनांक १८ फेब्रुवारी रोजी कॉट नंबर सातवरील पेशंटच्या सलाईनचा वेग काढताना माझ्याकडून गणितात चूक झाली. यापुढे असे होणार नाही. मला माफ करावे.' खाली माझ्या सहीसाठी रेघसुद्धा मारलीय तुम्ही. पट्टीने.

मी सही करणार नाही.

माफीनाम्याचं मला वावडं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ऑफिसातल्या त्या हिरव्या फाईलमध्ये माझे सहा आहेत. टोपीला पिन नव्हती म्हणून एक. ईदची मेंदी तळहातावर उरली होती म्हणून एक. थर्मामीटर दुसरीच्या हातून फुटला, पण ट्रे माझ्या हातात होता, म्हणून एक. निकिता तर रिकाम्या जागा सोडलेल्या झेरॉक्सच पर्समध्ये ठेवते. म्हणते, "रोज रोज कोण लिहीत बसणार? गुन्हा तेवढा भरायचा." आम्ही हसायचो. सहाही वेळा मी हसत सही केलीय.

पण गणितात चूक झाली असं लिहिणार नाही, कारण गणित बरोबर होतं. पाचशे मिली, आठ तासांत. पेशंटचं हृदय कमजोर, म्हणून डॉक्टरांनी मायक्रो सेट सांगितलेला, म्हणजे बारीक थेंबांचा, साठ थेंबांचा एक मिली. पाचशे गुणिले साठ, भागिले चारशे ऐंशी मिनिटं. साडेबासष्ट. अर्धा थेंब पडत नाही म्हणून मिनिटाला त्रेसष्ट. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही माझी वही बघितलीत आणि लाल पेनने बरोबरची खूण केलीत. वही माझ्याजवळ आहे.

चौकशीत प्राचार्या मॅडमनी विचारलं, "थेंब किती सोडलेस?" मी म्हटलं, त्रेसष्ट. त्या म्हणाल्या, "अगं, पण बाटलीला सेट वीसवाला होता. मोठ्या थेंबांचा. एकवीस पाहिजेत. तिप्पट वेगाने पाणी गेलं त्या म्हातारीच्या अंगात. जीव जायचा राहिला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पेनाला टोपण लावत होतात. एक टोपण लावायला किती वेळ लागतो, मॅडम?

तेरा मार्चपर्यंत माफीनामा आला नाही तर परीक्षेचा फॉर्म भरू देणार नाहीत, असं पत्र घरी आलंय. तीन वर्षांचं शिक्षण त्या एका फॉर्मवर अडलंय. ते पत्र मी दोनदा वाचलं. मसुदा चारदा वाचला.

मला एवढंच सांगा, सेट कोणी बदलला?

फोन करू नका. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'यस मॅडम' म्हणते. कागदावर तसं म्हणावं लागत नाही.

रुक्सार


कळंब
गुरुवार, २७ फेब्रुवारी

मॅडम,

मी फोन करू नका म्हटलं, तर तुम्ही अब्बांना केलात.

ते दुकानात होते. ठिबकचे पाईप मोजून देत होते, गिऱ्हाईक उभं होतं, आणि तुम्ही फोनवर रडलात. शिक्षिका रडली म्हटल्यावर अब्बा विरघळले. घरी येऊन मला म्हणाले, "रुक्सार, चार वळी लिवून टाक. बाई चांगली हाय. तुज्यासाठी रडत व्हती."

माझ्यासाठी नाही रडलात तुम्ही. पण ते त्यांना कसं सांगू? त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "झालं काय नेमकं, ते तरी सांग." आठवडाभर मी काही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण चौकशीत तुम्ही विसरल्यासारखं केलंत.

दहाच्या सुमाराला कॉट सातवरच्या प्रयागबाईंनी कूस बदलली आणि नळीच्या जोडातून पाणी गळायला लागलं. मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही ट्रॉलीतून नवा सेट घेतलात. मी म्हटलं, "मॅडम, मायक्रो संपलेत." तुम्ही म्हणालात, "मग हा लाव. दे इकडे, मीच लावते." लावलात. नळीवरचं चाक फिरवून थेंब सोडलेत आणि जाता जाता म्हणालात, "रेट तोच ठेव. सारखं सारखं विचारू नको, वॉर्डात माणसं आहेत."

अब्बांना सेट, मिली, मायक्रो यातलं काही कळत नाही. ऐकता ऐकता ते ठिबकच्या एका लॅटरल पाईपला भोक पाडत होते. थांबले. "म्हंजी चार लिटरीचा ड्रिपर काढून बारा लिटरीचा लावला, आन् मोटर तेवढाच येळ चालू ठिवली?"

मी म्हटलं, "व्हय अब्बा. तसंच."

"मग झाड बुडणारच की! ड्रिपर बदलला की टायम बदलायचा. हे आपल्या कळंबातल्या शेंबड्या पोराला ठावं हाय." मग हातातला पाईप खाली ठेवला. "आन् बाईंना ठावं नव्हतं?"

तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच आम्हाला ते शिकवलंय. म्हणून तर मला एवढा राग येतोय. ज्यांनी शिकवलंच नाही, त्यांचा मला राग आला नसता.

आता अब्बा लिही म्हणत नाहीत. लिहू नको असंही म्हणत नाहीत. रोज दुकानातून आल्यावर कॅलेंडरकडे बघतात.

रुक्सार


कळंब
सोमवार, ३ मार्च

मॅडम,

तुमचा मेसेज वाचला. 'विद्यार्थिनीची चूक माफ होते गं, शिक्षिकेची होत नाही. माझं कंत्राट जूनमध्ये संपतं. तुझं वय लहान आहे, तुला पुढे सगळं आयुष्य आहे.'

हा मेसेज तुम्ही पाच मिनिटांत डिलीट केलात. मी तीन मिनिटांत वाचला होता.

म्हणजे तुमची चूक होती हे तुम्हाला मान्य आहे, ती फक्त माझ्या नावावर हवी आहे. माझ्याकडे आयुष्य जास्त शिल्लक आहे, म्हणून.

पहिल्या वर्षी तुम्ही आमच्या दुकानात आला होतात, आठवतं? वर्गात कोणाला थेंबांचं गणित येईना. मुली सूत्र घोकायच्या आणि भागाकारात रडायच्या. तुम्ही मला विचारलंत, "तांबोळी, तुझे वडील ठिबकचं काम करतात ना?" मला वाटलं चेष्टा होणार. दुसऱ्या रविवारी तुम्ही जळोचीहून स्कूटीवर चाळीसेक किलोमीटर आलात, अम्मीच्या हातचा चहा घेतलात, अब्बांना शंभर प्रश्न विचारलेत आणि दोन मूठ ड्रिपर पर्समध्ये टाकून नेलेत. अब्बांनी पैसे घेतले नाहीत. सोमवारी वर्गात प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवलात. "यावर काय लिहिलंय? चार लिटर. त्यावर? आठ. दिसायला सारखेच. न वाचता लावला तर? बाग बुडेल नाहीतर वाळेल. सेटच्या पाकिटावरही असंच लिहिलेलं असतं. आधी पाकीट वाचा, मग गणित करा." त्या दिवशी सगळ्या वर्गाला गणित आलं. मी घरी फोन करून अब्बांना सांगितलं, तुमचे ड्रिपर मेडिकलला गेले. ते आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते.

आणखी एक सांगितलं होतंत. "बाटली संपेपर्यंत पाकीट फेकायचं नाही. खिशात ठेवा. उद्या कोणी विचारलं, कुठला सेट होता, तर तुमचा खिसा बोलला पाहिजे."

माझा खिसा बोलतोय, मॅडम.

नव्या सेटचं पाकीट तुम्ही फाडलंत आणि ट्रेमध्ये टाकलंत. मी ते उचलून अॅप्रनच्या खिशात ठेवलं. सवयीने. त्यावर छापलंय, वीस थेंब म्हणजे एक मिली. फाडताना तुमच्या लाल पेनाचा ओरखडा उठलाय कोपऱ्यावर. चौकशीच्या दिवशी ते माझ्या खिशात होतं आणि मी ते काढलं नाही. मला वाटत होतं, तुम्ही बोलाल. टोपण लावून झालं की बोलाल.

कालपासून रोजे सुरू झालेत. अम्मी म्हणते, रोज्यात राग करू नये. मी तिला म्हटलं, मग हा महिनाभर मॅडमबद्दल विचार करायचं बंद करावं लागेल. ती म्हणाली, "त्ये तुला जमायचं न्हाय." नाही जमत.

मी हे पाकीट प्राचार्यांकडे पाठवू शकते. आजच. पोस्ट ऑफिस दुकानाच्या समोर आहे.

रुक्सार


कळंब
शनिवार, ८ मार्च

मॅडम,

पाकीट पाठवलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला दया आली. तसं नाही.

चार वेळा लिफाफ्यावर पत्ता घातला. दर वेळी एक प्रश्न आडवा आला. प्राचार्या पाकीट हातात घेतील, वाचतील आणि विचारतील, "हे तू कधी वाचलंस?"

तुम्ही हे विचारलं नाहीत. एकदाही नाही. तुम्ही एवढ्या हुशार, तुमच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. कदाचित तुम्ही तो प्रश्न राखून ठेवलाय. ठेवू नका. उत्तर मीच देते.

अकरा वाजता.

अकरा वाजता मी नेहमीसारखे थेंब मोजले. एक नजर मनगटावरच्या घड्याळावर, दुसरी थेंब पडतात त्या चेंबरमध्ये. त्रेसष्ट. बरोबर त्रेसष्ट. मग बाटलीकडे बघितलं, तर ती अर्धी झाली होती. दोन तासांत सव्वाशे मिली जायला हवं होतं. अडीचशे गेलं होतं. आणि थेंब मोठे होते, मॅडम. डोळ्यांना दिसत होते. बारीक थेंब टपटपत नाही, नुसता सरकतो. हे टपटपत होते. मी खिशातून पाकीट काढलं आणि वाचलं. वीस.

मला सगळं कळलं होतं. उभ्या उभ्या मनात भागाकार केला, एकवीस. चाक माझ्या हाताच्या उंचीवर होतं.

मी चाक फिरवलं नाही. मी तुम्हाला विचारायला आले. ड्यूटी रूमच्या दारात उभी राहिले. तुम्ही डॉक्टरांबरोबर चहा पीत होतात. तुम्ही बोट वर केलंत, थांब. मी थांबले. आधीच्या आठवड्यात तुम्ही मला डॉक्टरांसमोर म्हणाला होतात, "तांबोळीबाई, आम्हाला शिकवायला आल्या का?" सगळा वॉर्ड हसला होता. ते माझ्या डोक्यात होतं. पाच मिनिटं थांबून मी परत गेले. आणि काय केलं? मोजत बसले. साडेअकराला मोजले, त्रेसष्ट. वहीत लिहिलं, त्रेसष्ट. तुम्ही सांगितलेला रेट तोच ठेवला होता, म्हणजे माझी चूक नाही, असं मनात म्हणत होते. खरंच म्हणत होते. आज्ञा पाळणाऱ्या माणसाला वाटतं तसं मला हलकं वाटत होतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी प्रयागबाई उठून बसायला लागल्या. ओठ निळसर. छातीत घरघर. तेव्हा मी ओरडले. तुम्ही पळत आलात आणि आल्याबरोबर तुमचा हात पहिल्यांदा चाकावर गेला, एका क्षणात बंद. म्हणजे हात आधी तिथेच जायला हवा हे तुम्हालाही माहीत होतं. पुढचा ऑक्सिजन, लघवीचं इंजेक्शन, दोन दिवसांचा आयसीयू, हे सगळं कागदावर आहे. त्या वाचल्या हेही आहे. माझा एक तास कुठेच नाही.

तीन पत्रं मी तुमच्यावर चिडून लिहिली आणि तिन्हीत हा तास लपवला. राग खराच आहे. अजूनही आहे, उलट वाढलाय. कारण मी अशी थिजून उभी राहणारी मुलगी नव्हते. तीन वर्षांत सहा खोट्या माफीनाम्यांवर सह्या करून झाल्या. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, "कर गं, वाद नको." वाद नको, वाद नको करत हात इतका वळला की चाकाकडे उचललाच नाही.

हे तुमचं शिकवणं मी ड्रिपरपेक्षा चांगलं शिकले.

रुक्सार


बारामती, एसटी स्टँड
गुरुवार, १३ मार्च, सकाळी नऊ

मॅडम,

हे पत्र निकिता तुम्हाला पहिल्या तासाआधी देईल. लगेच वाचा.

मंगळवारी मी लोणी भापकरला गेले होते, प्रयागबाईंच्या घरी. अब्बाही आले. वाटेत एसटीत ते एकदाच बोलले, "शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. मधी बोलायचं न्हाय." मी म्हटलं, मधी न बोलण्यात माझा हात कोण धरणार? त्यांना हसू आलं नाही.

प्रयागबाई ओसरीवर लसूण निवडत बसल्या होत्या. मला बघून डोळे बारीक केले. "तूच का ती? मोजणारी?"

मी खाली बसले. सगळं सांगितलं, तुम्हाला शनिवारी लिहिलं तसं. त्यांनी लसूण बाजूला ठेवला नाही. निवडता निवडताच विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय, आजी."

"कवापासनं?"

"अकरापासनं."

"आन् बंद केलं न्हाईस."

"न्हाई."

मग हात थांबले. "मी तुला म्हणत व्हते, पोरी, छातीवर कुणी बसल्यागत हुतंय. तू काय म्हणलीस, आठवतं?"

मला आठवत नव्हतं, मॅडम. देवाशपथ नव्हतं. त्यांनी सांगितलं. "तू म्हणलीस, आजी, बोलू नका, माजं मोजायचं चुकतंय."

अब्बा उठून अंगणात गेले.

मी माफ करा म्हटलं. खऱ्या माफीची मला सवय नाही. तोंडातून आधी 'यापुढे असे होणार नाही' हेच आलं. प्रयागबाई म्हणाल्या, "मी कशाला माफ करू? मेले असते तर कुणापाशी मागायला आली असतीस? ल्योक माझा कोर्टात जातो म्हणत व्हता. त्याला म्यां गप केलं, का, तर एवढीशी पोरगी, हिसाब चुकली आसंल. आता तू म्हणतीस हिसाब बरूबर व्हता. मग चुकलं काय, त्ये तरी नीट लिव कुठं. तुजं बी आन् त्या बाईचं बी. निम्मं लिवू नगंस."

निघताना म्हणाल्या, "जेव म्हणलं असतं, पर तुमचा रोजा." पिशवीत लसूण घातला. माफ केलं असं शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत. मी वाट बघितली, अब्बा अंगणात चप्पल घालून उभे होते तरी वाट बघितली. नाही म्हणाल्या.

रात्रभर बसून निवेदन लिहिलंय. माफीनामा नाही. पहिला परिच्छेद माझा आहे: अकरा ते बारा वाजून पाच मिनिटं, मला माहीत होतं आणि मी चाक फिरवलं नाही. दुसरा परिच्छेद दहा वाजताचा आहे: सेट कोणी बदलला आणि काय सांगितलं. सोबत वही आणि पाकीट. तुमच्याबद्दल जे झालं त्याहून एक शब्द जास्त लिहिलेला नाही, आणि माझ्याबद्दल एकही कमी नाही. यामुळे माझा फॉर्म बहुतेक जाईल. हिरव्या फाईलमधल्या सातव्या कागदाने तो वाचला असता, हे मला कळतं. अब्बांनाही कळतं. आज निघताना त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं नाही.

अकरा वाजता मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर असेन. दुसऱ्या परिच्छेदाखाली तुमच्यासाठी रेघ मारलीय. पट्टीने. तुम्ही आलात तर तिथे सही करा. नाही आलात तर रेघ तशीच रिकामी देईन. ती कोणाची आहे हे वरती लिहिलेलं आहे.

चाक फिरवायला एक क्षण पुरतो, मॅडम. मी एक तास घालवला. तुम्हाला आज तेवीस दिवस झाले.

रुक्सार सरदार तांबोळी